सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणासाठी असलेल्या सवलती: कोणाला काय मिळते आणि ते कसे मिळवावे

लष्करी सेवेच्या आधारे मुलांच्या शिक्षणासाठी मिळणाऱ्या सवलती एका कार्यालयातून, एकाच अर्जावर मिळत नाहीत. सेवेत असताना मिळणारा भत्ता युनिटमार्फत येतो, निवृत्तीनंतरची शिष्यवृत्ती केंद्रीय सैनिक बोर्डाकडून (माजी सैनिकांच्या कल्याणाचे काम पाहणारी केंद्राची संस्था) मंजूर होते आणि महाविद्यालयीन प्रवेशातील राखीव जागा राज्याच्या सीईटी कक्षाच्या नियमांनुसार भरल्या जातात. त्यामुळे चौकशीची सुरुवात योजनेच्या नावापासून न करता एका साध्या प्रश्नापासून करावी: मुलाचे वडील किंवा आई आज सेवेत आहेत, निवृत्त झाले आहेत, की युद्धात किंवा सेवेत असताना मृत्यू वा अपंगत्व आले आहे? याच उत्तरावर पुढचा मार्ग ठरतो.

सेवेत असलेल्यांसाठी मुख्य आधार म्हणजे बालशिक्षण भत्ता. केंद्र सरकारच्या इतर कर्मचाऱ्यांप्रमाणेच तो सैनिकांनाही मिळतो. १ जानेवारी २०२४ पासून त्याचा दर प्रत्येक मुलामागे दरमहा २,८१२.५० रुपये असून, मूल निवासी शाळेत असल्यास वसतिगृहासाठीची मर्यादा दरमहा ८,४३७.५० रुपये आहे. हा लाभ साधारणपणे दोन मोठ्या अपत्यांपुरता आहे. प्रत्येक पावती जपून ठेवण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. शैक्षणिक वर्ष संपल्यावर, मूल त्या वर्षी आपल्या शाळेत शिकत होते असे मुख्याध्यापकांचे प्रमाणपत्र जोडून दावा करता येतो. पती-पत्नी दोघेही केंद्र सरकारच्या सेवेत असतील, तर दावा एकानेच करावा.

शाळाप्रवेशाच्या बाबतीत केंद्रीय विद्यालयांच्या प्राधान्यक्रमात केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची आणि माजी सैनिकांची मुले पहिल्या गटात येतात. सैनिक शाळांमध्ये सहावीत आणि नववीत अखिल भारतीय प्रवेश परीक्षेद्वारे प्रवेश मिळतो, आणि तेथे सेवेतील व माजी सैनिकांच्या मुलांसाठी वेगळा राखीव वाटा असतो. महाराष्ट्रात साताऱ्याची शाळा १९६१ पासून, तर चंद्रपूरची २०१९ पासून सुरू आहे.

निवृत्त सैनिकांच्या मुलांसाठी सर्वांत मोलाची योजना म्हणजे पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना. ती अभियांत्रिकी, वैद्यकीय, औषधनिर्माण, बी.एड., बीबीए, बीसीए यांसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. मुलांना दरमहा २,५०० आणि मुलींना ३,००० रुपये मिळतात, आणि वर्षभराची रक्कम एकदम विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. प्रवेशासाठी लागणाऱ्या किमान पात्रतेच्या परीक्षेत, म्हणजे बारावी, पदविका किंवा पदवीला, ६० टक्के गुण असावे लागतात. नवा अर्ज फक्त पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाच करता येतो. दुसऱ्या वर्षी योजनेची माहिती मिळाली म्हणून हळहळणारे पालक दरवर्षी भेटतात, आणि त्यांच्यासाठी पुढे काहीही करता येत नाही. म्हणून मूल बारावीत असतानाच ही योजना घरात माहीत असावी. हाती मिळालेली शिष्यवृत्ती टिकवण्यासाठी दरवर्षी किमान ५० टक्के गुण मिळवून नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. सेवेत असलेल्या सैनिकांच्या मुलांना ही योजना लागू नाही.

हवालदार किंवा त्याखालील हुद्द्यावरून निवृत्त झालेल्यांच्या मुलांसाठी संरक्षणमंत्री माजी सैनिक कल्याण निधीतून शिक्षण अनुदान मिळते. १ नोव्हेंबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना त्याचा दर दरमहा १,००० वरून २,००० रुपये झाला आहे. हे अनुदान पहिलीपासून पदवीपर्यंत, दोन मुलांसाठी आहे. दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या सैनिकाच्या विधवेलाही ते मिळू शकते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. पतीच्या निधनानंतर शिक्षण पुन्हा सुरू करू पाहणाऱ्या भगिनींपर्यंत ही माहिती मुद्दाम पोहोचवायला हवी.

युद्धात वीरगती मिळालेल्या, बेपत्ता झालेल्या किंवा अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या मुलांचे शिक्षण आणि वसतिगृहाचे शुल्क पहिल्या पदवीपर्यंत शासन भरून देते. त्यावर २०१७ मध्ये घातलेली दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा २०१८ मध्ये मागे घेण्यात आली. अशा कुटुंबाला कोणी अजूनही ती मर्यादा सांगितली, तर ती मान्य करू नये.

व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी महाराष्ट्रात संरक्षण कोटा आहे. अभियांत्रिकीत तो पाच टक्के, पण एका संस्थेत जास्तीत जास्त पाच जागा, असा आहे. राज्याचे अधिवासी असलेले माजी सैनिक, अधिवासी असलेले सेवेतील सैनिक आणि बाहेरच्या राज्यातून बदलीने आलेले सैनिक अशा तीन वर्गांसाठी प्रमाणपत्रांचे नमुने वेगवेगळे असल्याने प्रवेशपुस्तिकेतील आपला वर्ग आधी नीट पाहून मगच प्रमाणपत्र मागावे.

आता ज्या गोष्टीवर सर्वाधिक अर्ज अडतात, ती. सैन्याच्या दफ्तरी मुलाचे नाव आणि जन्मतारीख पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे सैनिकाच्या वैयक्तिक नोंदींसाठी युनिटने काढलेल्या आदेशाने, नोंदवली जाते आणि निवृत्तीच्या वेळी तीच नोंद डिस्चार्ज बुकात (निवृत्तीला मिळणाऱ्या सेवेच्या पुस्तिकेत) उतरते. मूल जन्मले तेव्हा सैनिक सीमेवर असतो, घरून पत्रात किंवा फोनवर पाळण्यातले नाव कळवले जाते आणि नोंद ‘बाळू’ अशीच होते. पुढे शाळेत ‘बालाजी’ लागते, जन्मतारीखही प्रवेशाच्या सोयीने बदललेली असते. सतरा-अठरा वर्षांनी दहावीची गुणपत्रिका आणि डिस्चार्ज बुक शेजारी ठेवल्यावर ती दोन वेगळी मुले दिसतात, आणि पोर्टलवर अर्ज परत येतो. हे दुरुस्त होते, पण वेळ लागतो. सेवेत असल्यास युनिटमधूनच नवी पार्ट टू ऑर्डर काढून घ्यावी. निवृत्त झाल्यास जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि डिस्चार्ज बुकाची प्रत घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज पाठवावा. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांसाठी ते बेळगावात आहे. मूल आठवी-नववीत असतानाच ही दोन कागदपत्रे ताडून पाहावीत, म्हणजे बारावीच्या निकालानंतर धावपळ होत नाही. मुलाचे बँक खाते आणि आधारवरील नावही त्याच वेळी जुळवून घ्यावे.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकाची नोंदणी आणि ओळखपत्र नसेल, तर वरीलपैकी बहुतेक अर्ज पुढे सरकत नाहीत. म्हणून निवृत्तीनंतर गावी परतल्यावर ते काम आधी उरकावे. तेथील कल्याण संघटक अर्जाची छाननी करतात, आणि सैनिकांच्या पाल्यांसाठी चालवल्या जाणाऱ्या वसतिगृहांतील प्रवेशाची चौकशीही त्याच कार्यालयात करता येते.

अग्निवीरांची स्थिती वेगळी आहे. चार वर्षांनंतर सेवेतून बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा नसल्यामुळे माजी सैनिकांसाठीच्या या योजनांवर त्याने भिस्त ठेवू नये. त्याच्या स्वतःच्या शिक्षणासाठी मात्र सोय आहे: दहावी उत्तीर्ण अग्निवीराला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत बारावी करता येते, आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या तीन वर्षांच्या पदवीत निम्मे श्रेयांक सेवेतील प्रशिक्षणाचे धरले जातात. ही नोंदणी सेवेत असतानाच करायची असल्याने भरती झाल्यावर युनिटच्या शिक्षण विभागात तिची चौकशी करावी.