मूर्तिजापूर ते चिखलदरा: आधी पाणी, मग किलोमीटर

मूर्तिजापूरला रेल्वेतून उतरायचं, सायकलीनं दर्यापूर आणि अंजनगाव सुर्जी करत परतवाडा गाठायचं आणि पुढचा सातपुडा पायी चढून चिखलदरा गाठायचा. हा माझा सगळ्यात आवडता रस्ता आहे. माझं सासर दर्यापूर तालुक्यातलं. जाऊबाई आणि मी कापसाच्या पहिल्या वेच्यानंतर निघतो. तुम्हाला यायचं असेल तर दिवाळी ते महाशिवरात्री हा काळ धरा. त्याआधी आलात आणि काळी माती ओली असली, तर पांदणीत, म्हणजे शेतातल्या कच्च्या वाटेत, शिरूच नका. चाक आणि मडगार्डमध्ये चिखल असा ठासतो की सायकल ढकलताही येत नाही.

सायकल साधी चालेल. गिअर नसले तरी बिघडत नाही, कारण परतवाड्यापर्यंत रस्ता जवळपास सपाट आहे. दोन जादा ट्यूब, पंक्चरचं सामान आणि हवेचा पंप मात्र हवाच. धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) बाभळीचे काटे आणि सराटे टायर सोडत नाहीत. सायकल रस्त्याच्या कडेला आडवी टाकू नका, झाडाला टेकवून उभी करा.

आता पाण्याचं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांचा, अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला हा भाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. हापशीचं पाणी दिसायला नितळ, पण खारं. चार घोट घेतले की तहान भागायच्या ऐवजी वाढते. बाहेरचे लोक इथेच फसतात. गाव दिसलं, हापशी दिसली, म्हणजे बाटली भरता येईल असं धरून चालतात. माणशी निदान चार लिटर पाणी सोबत घेऊन निघा, आणि गावात शिरल्यावर घरात नळाचं पाणी मागा. आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही. दर्यापूर-अंजनगावकडच्या नळाला सातपुड्याच्या पायथ्याच्या शहानूर धरणाचं पाणी येतं. म्हणजे तुम्ही जे प्याल, त्याच्याच उगमाकडे तुम्ही निघालेले असता. दर्यापूरची चंद्रभागा नदीसुद्धा गाविलगडच्या डोंगरातूनच खाली येते.

पहिला दिवस मूर्तिजापूर ते दर्यापूर, सुमारे 30 किलोमीटर. लाखपुरीला पूर्णेकाठी लक्षेश्वराचं देऊळ आहे, तिथे शिदोरी सोडा. भाकर, जवसाची चटणी, कांदा. दुपारी पेढ्यासारखं गोड काही खाऊ नका, पाणी लवकर संपतं. या वाटेनं शकुंतला रेल्वेचा 762 मिलिमीटर रुंदीचा रूळ जातो. हा रूळ कापूस वाहायला टाकलेला. गाडी कित्येक वर्षांपासून बंद आहे. रूळ पाहा, फोटो काढा, पण जुन्या पुलांवर चढू नका.

दोन्ही बाजूंना पराटी (म्हणजे कापूस), तूर आणि जमिनीतल्या ओलीवरचा हरभरा. विहिरीचं पाणी खारं, म्हणून बागायत नाही, म्हणून सावलीही कमी. सकाळी सहाला निघा, अकराच्या आत मुक्काम गाठा. रस्त्यावर कापसाचे ट्रॅक्टर असतात. गाठोडी दोन्ही बाजूंना बाहेर आलेली असतात, तेव्हा ट्रॅक्टर मागून आला की खाली उतरून उभे राहा.

दुसऱ्या दिवशी दर्यापूर ते अंजनगाव, सुमारे 25 किलोमीटर. पल्ला छोटा ठेवलाय, कारण मधे शेंडगावला वळायचं आहे. गाडगेबाबांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 ला या गावात झाला. माझ्या मते हा फाटा चुकवून अंजनगाव गाठण्यात काही अर्थ नाही.

अंजनगावजवळ आलात की जमीन बदलते. पानमळे दिसतात, केळी दिसतात, हवेला ओल येते. गोडं पाणी सुरू झालं. इथे मी दरवेळी सायकल थांबवते आणि बाटलीतलं सगळं पाणी डोक्यावर ओतते. मुक्काम गावच्या देवळात किंवा शाळेत करायचा असेल तर दिवस असतानाच सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना भेटा. बायका-बायकाच असाल तर हे अजिबात टाळू नका. आम्हाला बहुतेक वेळा कोणीतरी मावशी घरातच झोपायला नेते.

तिसरा दिवस पथ्रोटवरून परतवाडा, सुमारे 30 किलोमीटर. सायकल इथे ओळखीच्या घरी किंवा लॉजवर ठेवून द्या. चिखलदऱ्याचा घाट सायकलीनं चढणारे आहेत, पण साधारण सातशे मीटरचा चढ आहे आणि मान खाली घालून पायडल मारण्यात दऱ्या दिसतच नाहीत. चौथ्या दिवशी सकाळच्या एसटीनं घाटाच्या पायथ्याच्या धामणगाव गढीला उतरा आणि तिथून डांबरी रस्त्यानंच चाला. आडवाटेनं रानात शिरायचं नाही. हा मेळघाटचा शेजार आहे. उशिरा आलात तर, मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुलं पडतात आणि अस्वलंही ती खायला येतात, म्हणून ऊन नीट वर आल्याशिवाय निघू नका आणि दिवस मावळायच्या आत वर पोचा. इथली कोरकू आदिवासी माणसं भेटली तर थांबून बोला, रस्त्याची खरी खबर त्यांनाच असते.

चिखलदऱ्यात थंडी बोचते, स्वेटर लागतोच. इथली कॉफी आणि गवळ्यांकडची रबडी दोन्ही घ्या. पुढचा अख्खा दिवस गाविलगडाला द्या. 15 डिसेंबर 1803 ला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेनं हा नागपूरकर भोसल्यांचा किल्ला घेतला, तो उत्तरेच्या अंगानं, डोंगरातून तोफा ओढत नेऊन. दक्षिणेच्या कड्यावर उभे राहिलात की कारण आपोआप कळतं. त्याच कड्यावरून, हवा स्वच्छ असेल तर, खालचं आमचं मैदान दिसतं. किल्ल्यावर पाणी मिळेल या भरवशावर जाऊ नका. तळी आहेत, पण ते पाणी पिऊ नका.

परतीला एसटीनं परतवाड्याला उतरा. डिसेंबर-जानेवारीत आलात तर बैतूल रस्त्यावर बहिरमची यात्रा महिनाभर असते. तिथे मातीच्या हंडीतलं मटण आणि भाकर खा. संत्री रस्त्यावरच ढिगानं विकायला असतात. सायकल एसटीच्या टपावर चढवायची असेल तर गाडी सुटायच्या अर्धा तास आधी कंडक्टरशी बोला, आणि बांधायची दोरी आपली आपण न्या.