मुंबईत रस्त्यावर राहायची वेळ आली, तर आधी कागद सांभाळा

पोटाची सोय मुंबईत कशीबशी होते. गुरुद्वाऱ्यात लंगर असतो, तिथे जातधर्म कुणी विचारत नाही. अंघोळीला सुलभ शौचालय आहे. खरे हाल कागद हरवले की सुरू होतात. आधार, रेशनकार्ड, दवाखान्याचे केसपेपर जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड घट्ट बांधा आणि पिशवी कपड्यांच्या आत अंगावरच ठेवा. उशाखालची पिशवी झोपेत जाते. फूटपाथ मोकळा करणारी गाडी आली, तर अख्खं बोचकंच उचलून नेते. फोन असेल तर आधार डिजिलॉकरमध्येही, म्हणजे कागद ठेवायच्या सरकारी ॲपमध्येही, घेऊन ठेवा. आधारला जोडलेला नंबर मात्र बंद पडू देऊ नका, ओटीपी त्यावरच येतो. सिम हरवलं तर नवा नंबर घेऊ नका, तोच परत मागा.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं आणि पायाला जखम असेल, तर लेप्टोचा (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका मोठा. ताप यायची वाट न बघता ७२ तासांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात जा. डॉक्टर तपासून गोळ्या देतात. अंगावर काढू नका. सोबत लहान मूल असेल तर मुलांच्या मदतीचा हेल्पलाइन नंबर १०९८ पाठ असू द्या, फोनला पैसे पडत नाहीत.