फोर्कचं सील बदललं, तरी गळती सुरूच? या चुका टाळा

१०० ते १६० सीसीच्या बहुतेक गाड्यांना पुढे साधे टेलिस्कोपिक फोर्क असतात. वर चकचकीत पाईप, खाली ॲल्युमिनियमचा बॉटम. गॅरेजात याला शॉकअप म्हणतात. याचं सील (ऑइल आत अडवणारी रबरी कडी) आणि ऑइल बदलणं घरी जमतं. केटीएम ३९० ड्यूकसारख्या गाड्यांच्या उलट्या फोर्कची रचना वेगळी आणि हत्यारंही वेगळी, त्यामुळे ते काम जाणकारावर सोडा.

ऑइल दिसलं की लगेच सील मागवायची घाई होते. आधी डस्ट सील (सीलवरचं धूळ अडवणारं रबर) हलकेच वर सरकवून पाहा. चिखलाचा बारीक कण सीलच्या ओठाखाली अडकला तरी ऑइल झिरपतं. जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी कापा, टोकाला छोटा आकडा करा, ती पाईप आणि सीलच्या मधून घालून गोल फिरवा आणि कण बाहेर ओढा. पाईप पुसून फोर्क दहा-बारा वेळा दाबा. गळती थांबली तर सील वाचलं.

थांबली नाही तर पाईप तपासा, कारण नवं सील पुन्हा फाटतं ते बहुधा पाईपमुळेच. फोर्क दबतो तेव्हा पाईपचा जो भाग सीलमधून आत-बाहेर होतो, त्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथे गंजाचा खड्डा किंवा उंचवटा आहे. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हे लवकर होतं. बारीक उंचवटा १५०० किंवा २००० नंबरच्या पॉलिश पेपरला ऑइल लावून, पाईपभोवती आडवा घासून काढता येतो. उभं घासू नका. उभी रेघ म्हणजे ऑइलला बाहेर यायला वाटच. खोल खड्डा असेल तर पाईप बदला किंवा पुन्हा क्रोम करून घ्या. पाईप बॉटममध्ये डुगडुगत असेल तर बुश (पाईपला आतून आधार देणारी कडी) किंवा बॉटम झिजलाय, आणि तिथे कुठलंही सील टिकत नाही.

खोलताना क्रम चुकतो

गाडी मेन स्टँडवर घ्या आणि इंजिनखाली लाकडी ठोकळा किंवा जॅक द्या. काढलेला कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा भाग) ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नका, दोरीने बांधा. पॅडच्या मध्ये लाकडाची चकती ठेवा, म्हणजे चुकून ब्रेक दाबला गेला तरी पिस्टन बाहेर येणार नाहीत.

वरच्या टीचा (दोन्ही पाईप पकडणाऱ्या पट्टीचा) बोल्ट सैल करून, खालच्या टीचा घट्ट असतानाच पाईपची कॅप थोडी ढिली करा. फोर्क बाहेर काढल्यावर ती सुटता सुटत नाही, मग पाईप व्हाइसमध्ये आवळला जातो आणि क्रोमची वाट लागते. कॅपखाली स्प्रिंग दाबलेली असते, म्हणून शेवटचे आटे सोडताना कॅप वरून दाबून धरा आणि तोंड बाजूला ठेवा. स्प्रिंगचं दाट वेटोळ्यांचं टोक वर होतं की खाली, फोटो काढून ठेवा.

बॉटमच्या बुडाचा ॲलन बोल्ट तर कॅप उघडण्याआधीच ढिला करावा. स्प्रिंगच्या दाबामुळे आतला डॅम्पर रॉड (फोर्कची उसळी आवरणारी नळी) जागेवर धरून राहतो. स्प्रिंग निघाली की बोल्टबरोबर रॉडही नुसता गरगर फिरतो आणि माणूस हातोडा शोधायला लागतो. बसवतानाही आधी स्प्रिंग-कॅप तात्पुरती लावून नवा तांब्याचा वॉशर घालून बोल्ट घट्ट करा, आणि नंतरच कॅप-स्प्रिंग काढून ऑइल भरा. जुना वॉशर वापरला तर बुडातून गळतं आणि दोष सीलवर येतो.

सील उचकण्याआधी त्यावरची तारेची क्लिप काढली का, पाहा. स्क्रू ड्रायव्हरखाली चिंधीची घडी ठेवा. सीलच्या बैठकीवर ओरखडा पडला तर ऑइल सीलच्या बाहेरून वाट काढतं. नवं सील बसवताना स्प्रिंगची बाजू खाली ऑइलकडे, छापील बाजू वर. पाईपच्या टोकावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून ऑइल लावा, मगच सील सरकवा, नाहीतर कडेला ओठ कापला जातो. वर जुनं सील ठेवून, योग्य मापाच्या पीव्हीसी पाईपने सरळ ठोका. क्लिपची खाच पूर्ण दिसली म्हणजे सील तळाला गेलं.

ऑइल ओतायचं नसतं, मोजायचं असतं

इंजिन ऑइल चालेल असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका. ४० अंशांना १०डब्ल्यू फोर्क ऑइलचा घट्टपणा (व्हिस्कॉसिटी) साधारण ३० ते ४५ सेंटीस्टोक्स, तर २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइलचा शंभराच्या पुढे. फोर्क लाकडासारखा कडक होतो. डब्यावरचा डब्ल्यूचा आकडाही कंपनीगणिक वेगळा वागतो, म्हणून ब्रँड बदलताना सेंटीस्टोक्स जुळवा.

मॅन्युअलमध्ये बहुधा दोन आकडे असतात: पूर्ण कोरड्या फोर्कसाठीचा आणि नुसतं ऑइल बदलण्यासाठीचा. खोलून धुतलेल्या फोर्कला पहिला लागू. दुसरा वापरला तर ऑइल कमी पडतं. ऑइलची पातळी दिली असेल तर मिलीलिटरपेक्षा तीच पाळा. ऑइल भरून डॅम्पर रॉडमधली हवा निघेपर्यंत पाईप १०-१५ वेळा वरखाली करा, पाच मिनिटं थांबा. मग स्प्रिंग बाहेर, फोर्क सरळ उभा आणि पूर्ण दाबलेला ठेवून पाईपच्या वरच्या कडेपासून मोजा. सिरिंजला नळी लावून तेवढ्या खोलीपर्यंत सोडली की जादा ऑइल ओढून घेता येतं.

आतला व्यास २६ मिमी असेल तर १० मिली ऑइलने पातळी सुमारे १९ मिमी बदलते. वर उरलेली हवाही स्प्रिंगसारखी काम करते. ऑइल जास्त झालं तर हवा फार दबून फोर्क शेवटाला कडक होतो आणि सीलवर ताण येतो. कमी झालं तर ब्रेकला नाक जमिनीकडे जातं आणि खड्ड्यात फोर्क बुडाला आपटतो. एका फोर्कात कमी आणि दुसऱ्यात जास्त तर मुळीच नको.

फोर्क बाहेर असताना हँडल हळू फिरवून कोनसेट (हँडलच्या मुळातलं बेअरिंग) बघून घ्या. मध्यभागी खटका लागला तर तेही काम आताच करा.

दोन्ही पाईप वरच्या टीपासून समान उंचीवर ठेवा. चाक लावताना आधी ॲक्सलचा नट कसा, गाडी स्टँडवरून उतरवून पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा दाबा, आणि बॉटमला ॲक्सल पकडणारा बोल्ट असेल तर तो त्यानंतर घट्ट करा. उलट केलं तर दोन्ही फोर्क एकमेकांना तिरपे धरतात, अडकत चालतात आणि नवं सील एका बाजूने झिजतं. निघण्याआधी डिस्कवर ऑइलचा थेंब पडला नाही ना पाहून ब्रेक क्लीनरने पुसा. पॅडमध्ये ऑइल मुरलं असेल तर ते पुसून जात नाही, पॅडच बदलावे लागतात. मग उभ्या गाडीचा ब्रेक चार-पाच वेळा दाबून लिव्हर घट्ट लागते का ते बघा.