पैलवानाचा गुडघा: दुखापतीनंतर पुन्हा मैदानात कसे उतरावे

सुगी आटोपली, भाताची मळणी झाली की बेळगाव भागातल्या खानापूर, येळ्ळूर, कंग्राळी, कडोलीकडच्या तालमी पुन्हा गजबजतात. पुढे जत्रांची मैदाने असतात, जोड्या ठरायच्या असतात. मधले काही महिने शेतात राबलेला पोरगा पहिल्याच आठवड्यात पाचशे बैठकांवर जातो आणि गुडघा धरून बसतो. शेतातल्या कष्टाने दम टिकतो, पण कुस्तीत गुडघ्याला बसणारा पीळ वेगळा असतो. म्हणून सुरुवात निम्म्याने करा आणि आठवड्या-आठवड्याने वाढवा.

गुडघा कसा जातो

पाय जमिनीत रोवलेला, वरचे अंग वळलेले आणि त्याच वेळी समोरचा बाहेरच्या बाजूने गुडघ्यावर कोसळतो. एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून पाडायचा डाव, काढताना किंवा धरलेला पट सोडवताना हे घडते. आतल्या बाजूचे एमसीएल लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा चिवट पट्टा, ताणते, सांध्याच्या मधले एसीएल लिगामेंट तुटते किंवा हाडांमधली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटते. आपल्याकडे जत्रेची कुस्ती लाल मातीत होते आणि सरकारी स्पर्धा मॅटवर. मातीत पाय थोडा सरकतो. मॅटवर बूट पकड धरतो, पाऊल जागेवर राहते आणि पीळ गुडघ्यात उतरतो. मातीत तयार झालेल्या पैलवानाने मॅटच्या स्पर्धेआधी काही आठवडे तरी बूट घालून मॅटवरच सराव करावा.

पहिले दोन-तीन दिवस

कुस्ती तिथेच थांबवा. ‘चालून बघ, मोकळा होईल’ हा सल्ला ऐकू नका. बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटे लावा, क्रेप बँडेज बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. गरम शेक, जोरकस मालिश आणि दारू या तिन्ही गोष्टी या दिवसांत सूज वाढवतात. वस्तादांच्या हातच्या मालिशीला माझा विरोध नाही. थकलेल्या मांडीला तिने आराम मिळतो. पण ताज्या दुखापतीवर गुडघा ओढून ‘बसवणे’ धोक्याचे आहे, कारण अर्धवट फाटलेले लिगामेंट त्यात पूर्ण तुटू शकते.

मग लक्षणे नीट पाहा. ‘कट्’ असा आवाज आला आणि दोन तासांच्या आत गुडघा टम्म फुगला, तर एसीएलचा संशय धरावा. सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू आली, सांध्याच्या रेषेवर बोट ठेवले की दुखते, गुडघा मध्येच अडकतो, तर गादी फाटलेली असू शकते. फक्त आतल्या बाजूला दुखत असेल तर बहुधा एमसीएल असते आणि ते बहुतेक वेळा शस्त्रक्रियेशिवाय बरे होते.

चार पावलेही टाकता येत नाहीत, गुडघा काटकोनापर्यंत वाकत नाही किंवा वाटीच्या हाडावर दाबले की कळ येते, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी एक्स-रे काढा. पाऊल थंड किंवा बधिर पडले तर घरी एक तासही थांबू नका, थेट मोठ्या रुग्णालयात न्या. गुडघा निखळून रक्तवाहिनीला इजा झालेली असू शकते आणि तिथे पाय वाचवण्याचा प्रश्न काही तासांचा असतो.

वाटीवर पाण्याची गाठ आली, ती लाल, गरम झाली आणि ताप आला, तर तो जंतुसंसर्ग समजा. खरचटलेला गुडघा उघडा ठेवून मातीत उतरल्याने हे होऊ शकते.

ताकद परत आणणे

सांध्यात पाणी असले की मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला पुरता आवळू देत नाही. पैलवानाची मांडी दोन आठवड्यांत बारीक दिसू लागते ती यामुळे. म्हणून डॉक्टरांनी मुभा दिली की पहिले काम एकच: गुडघा पूर्ण सरळ करणे. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, मांडी आवळून गुडघा खाली दाबा, ५ सेकंद धरा, १० वेळा, दिवसातून चार-पाचदा. मग सरळ पाय उचलणे. गुडघा थोडाही वाकडा राहिला तर पुढचे सगळे लंगडे होते, हे मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे.

सूज उतरली की खुर्चीपर्यंतची अर्धी बैठक, पायरीवरून सावकाश उतरणे, पाठीवर झोपून कंबर उचलणे. पुढे वजन घ्या: आठवड्यातून दोन-तीन दिवस, ६ ते १० वेळा, तीन फेऱ्या.

तालमीच्या व्यायामात एक उणीव आहे. जोर-बैठकांनी दम आणि मांडीचा पुढचा भाग तयार होतो, पण मांडीचा मागचा भाग आणि कुल्हे मागे पडतात. एसीएलला नडगी पुढे सरकू न देण्यात मदत करतो तो हाच मागचा स्नायू. त्यासाठी साथीदाराला घोटे दाबून धरायला सांगा आणि गुडघ्यांवर उभे राहून अंग सरळ ठेवत सावकाश पुढे झुका. सुरुवातीला पाच वेळाही पुरे. बैठका सोडायची गरज नाही. निरोगी गुडघ्याला खोल बैठक चालते. फक्त आकड्यांची चढाओढ नको.

मोजमाप दुसऱ्या दिवशी सकाळचे. व्यायामात थोडे दुखले आणि सकाळपर्यंत शमले तर ठीक. सकाळी सूज दिसली तर एक पायरी मागे या.

खानापूरच्या जंगलपट्टीतल्या पोराला रोज बेळगावला फिजिओथेरपीसाठी येणे परवडत नाही. दोन आठवड्यांनी एकदा या, पुढचे व्यायाम समोर करून दाखवायला सांगा, मोबाइलवर चित्रण करून घ्या आणि घरी करा. खाणे इथलेच पुरेसे आहे: दूध, अंडी, उसळ, मटण, भाकरी. शरीराच्या दर किलोमागे दिवसाला साधारण दीड ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत.

वस्तादांसाठी एक गोष्ट: दहा ते पंधरा वर्षांच्या मुलाला वाटीच्या खाली हाडाचा उंचवटा दुखत असेल तर तो आळस करत नाही. वाढत्या हाडावर ताण आलेला असतो. त्याच्या बैठका आणि उड्या कमी करा.

मैदान कधी

एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर ९ महिन्यांच्या आत कुस्ती नको. कुस्तीपटू विनेश फोगट २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये गुडघ्याला जबर दुखापत होऊन स्ट्रेचरवरून बाहेर गेली आणि २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तिने सुवर्ण जिंकले. मधला वेळ तिने दिला. आपल्याकडे मात्र जत्रेची तारीख जवळ आली की वेदनाशामक इंजेक्शन देऊन पोराला उतरवले जाते. दुखणे दबते, पण सैल गुडघा सैलच राहतो आणि शाबूत राहिलेली गादी त्या एका कुस्तीत जाते. घरच्यांनी आणि जत्रा कमिटीनेही याला ठाम नकार द्यावा.

उतरण्याआधी तीन गोष्टी तपासा. वाटीच्या वर चार बोटांवर दोन्ही मांड्यांचा घेर मोजा. एका पायावर खुर्चीतून किती वेळा उठता येते ते मोजा. एका पायावर उडी किती लांब जाते ते मोजा. दुखऱ्या पायाची ताकद आणि उडी चांगल्या पायाच्या नव्वद टक्के तरी हवी. लांबलेल्या विश्रांतीत चांगला पायही उतरलेला असतो, म्हणून आकडे फिजिओथेरपिस्टला दाखवा.

मग क्रम असा ठेवा: आधी एकट्याने पवित्रे आणि बैठे डाव, नंतर विरोध न करणाऱ्या जोडीदाराबरोबर पट, मग ओळखीच्या, वजनाने हलक्या पैलवानाबरोबर लढत. प्रत्येक पायरीवर किमान दोन आठवडे द्या. पहिली खुली कुस्ती तालमीतल्या मातीतच धरा आणि जोडीदाराला दुखरा पाय कोणता ते आधी सांगून ठेवा.