इस्तंबूल लेओव्हरची तयारी, पिकअपपासून उलटी

आपल्या केबिन क्रूसाठी, दोन फ्लाइट्सच्या मधला इस्तंबूलचा मुक्काम, म्हणजे लेओव्हर, असा आखायचा: सगळ्यात आधी पिकअपची वेळ, म्हणजे एअरपोर्टला न्यायला हॉटेलवर गाडी येते ती वेळ, बघा आणि तिथून उलटं मोजत या, आयासोफिया मशीद वगैरे नंतर. समजा रात्री आठचा पिकअप आहे, तर सातला उठून तयारीला लागायचं, त्याआधी चार तास तरी सलग झोप, त्याआधी आंघोळ, म्हणजे दुपारी दोन-अडीचला हॉटेलवर परत. ज्याला हे गणित पटत नाही त्याने ग्रुपबरोबर येऊच नये, कारण रेस्ट आपल्याला फिरायला देत नाहीत, झोपायला देतात, आणि रात्रीच्या सेक्टरला (फ्लाइटला) एकजण पेंगायला लागला की त्याची गॅली, म्हणजे विमानातल्या किचनचं काम, दुसऱ्याच्या गळ्यात पडते. बरं, आपण तिथल्यापेक्षा अडीच तास पुढे असतो, त्यामुळे पहाटे साडेचार-पाचला जाग येतेच, तेव्हा लोळत रील्स बघण्यापेक्षा सातला लॉबीत भेटायचं.

निघण्याआधी वार चेक करा, हे सगळे विसरतात. तोपकापी पॅलेस मंगळवारी बंद, दोल्माबाहचे सोमवारी, ग्रँड बाजार रविवारी, आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी मशिदीत टुरिस्टना सोडत नाहीत. मंगळवारचा लेओव्हर असेल तर तोपकापीचं नाव काढू नका, असंही अर्ध्या दिवसात तो होत नाही.

बॅगेत काय, तर मुंबईहूनच चालायचे शूज (जुन्या शहरात सगळे दगडी रस्ते आणि चढ, क्रू शूजने पाय सुजतील आणि मग फ्लाइटमध्ये उभं राहायचंय), मुलींना डोक्यावर घ्यायला स्टोल, सगळ्यांना गुडघ्याखाली येणारे कपडे आणि स्वच्छ मोजे कारण ब्लू मॉस्कमध्ये चपला-बूट काढावे लागतात, बोस्फरस सामुद्रधुनीच्या वाऱ्यासाठी पातळ जॅकेट, दोन गोल पिनांचा अडॅप्टर कारण आपला तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही, आणि टॉयलेटसाठी थोडे सुट्टे लिरा. पासपोर्ट आणि क्रू आयडी आतल्या खिशात, लॅनयार्ड (आयडीची पट्टी) गळ्यात घालून फिरू नका प्लीज.

हॉटेल टाक्सिमच्या बाजूला असेल तर टॅक्सीच्या नादी लागायचं नाही, सकाळी ट्रॅफिक भयंकर. प्रत्येकाने इस्तंबूलकार्ट, म्हणजे तिथलं ट्राम-मेट्रोचं कार्ड, घ्यायचं, टाक्सिमहून फ्युनिक्युलरने (उतारावरच्या केबल रेल्वेने) काबाताश, तिथून टी-वन ट्राम, थेट जुन्या शहरातलं सुलतानअहमत. तिकिटवाली ठिकाणं नऊच्या आसपास उघडतात, तोवर हिप्पोड्रोमच्या, म्हणजे रोमन काळातल्या रथशर्यतींच्या, मोकळ्या मैदानात फिरा, गेट नाही, पैसे नाहीत. तिथला इजिप्तचा ओबेलिस्क (उंच दगडी स्तंभ) बघाच, तिसऱ्या थुतमोस राजाचा, साडेतीन हजार वर्षांच्या आसपासचा, रोमन सम्राट थिओडोसियसने इसवी सन ३९० मध्ये इथे उभा केला, आणि त्यावरची चित्रलिपी अजून इतकी कोरीव दिसते की खालचं रोमन काम जास्त झिजलेलं वाटतं.

मग आयासोफिया, रांग वाढायच्या आत. ५३७ मध्ये चर्च म्हणून पूर्ण, १४५३ नंतर मशीद, मधे बरीच वर्षं म्युझियम आणि २०२० पासून परत मशीद. परदेशी टुरिस्टना २०२४ पासून तिकीट आहे आणि वरच्या गॅलरीतच सोडतात, बरेच जण त्यावरून कुरकुरतात, पण मला विचाराल तर खरी मजा वरच आहे. वरच्या संगमरवरी कठड्यावर कुणा व्हायकिंगने रून या जुन्या उत्तर युरोपीय लिपीत आपलं नाव कोरून ठेवलंय, हाल्वदान असं वाचतात, बहुतेक सम्राटाच्या पदरी असलेला शिपाई, ड्यूटीवर कंटाळला असणार. आपल्या गडांवर बदाम कोरणाऱ्यांचा पूर्वजच म्हणा! आणि ख्रिस्ताचं देईसिस मोझेक, त्यासमोर सेल्फीची घाई न करता दोन मिनिटं उभं राहा.

तिथून चालत बॅसिलिका सिस्टर्न, जमिनीखालची पाण्याची टाकी, ३३६ खांब, टोकाला मेदुसाची (ग्रीक पुराणातली केसांच्या जागी साप असलेली बाई) दोन डोकी खांबाखाली दिलेली, एक उलटं, एक आडवं. आत ओलसर असतं, पाय जपून टाका. ब्लू मॉस्क फुकट आहे, नमाजाची वेळ नसेल तर वीस मिनिटांत होतं. एवढंच. गलाता टॉवर, आशिया साइडची फेरी, हे सगळं लांब लेओव्हर मिळेल तेव्हा.

खाण्याचं सोपं आहे, व्हेजवाल्यांनी मर्जिमेक चोर्बा म्हणजे मसुराचं सूप, चीज किंवा बटाट्याचं ग्योझलेमे (भरलेल्या पराठ्यासारखं) आणि सिमित (तीळ लावलेला गोल पाव), पोट भरतं. बाटलीबंद पाणीच प्या. बिअर विसरा, फ्लाइटआधी बारा तासांचा नियम आहे आणि बीए (ब्रेथ अ‍ॅनालायझर) टेस्ट कुणाला सोडत नाही, पण खरा धोका बोझा या पेयाचा. वेफा भागात १८७६ पासूनचं प्रसिद्ध दुकान आहे, वर दालचिनी आणि भाजलेले चणे घातलेलं घट्ट गोडसर पेय, दिसायला अगदी निरागस, पण ते आंबवलेलं असतं आणि त्यात थोडं अल्कोहोल असतं. सुट्टीवर याल तेव्हा प्या. अल्कोहोलवाला माउथवॉश पण घरीच.

पुढे कुणी चालता चालता बूटपॉलिशचा ब्रश पाडला तर उचलून द्यायला जाऊ नका, तो आभार मानत तुमचे बूट पॉलिश करेल आणि मग पैसे मागेल. लोकम (टर्किश डिलाइट मिठाई) घ्यायचं तर एमिनोन्यूला उतरून स्पाइस बाजारातून, चाखून, किलोचा भाव विचारून घ्या, आणि एकाने घड्याळाकडे बघायचं काम घ्यायचं, नाहीतर तिथे तास जातो. युनिफॉर्म सकाळी निघण्याआधीच इस्त्री करून टांगून ठेवा, परत आल्यावर पडदे ओढा, फोन सायलेंट करू नका, दोन अलार्म लावा आणि रिसेप्शनला वेकअप कॉल सांगूनच आडवे व्हा.