पाळणा लांबवायचा की थांबवायचा? साधनावरून भांडण्याआधी या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या, कर्नाटकातल्या खानापूरकडच्या आमच्या आरोग्य उपकेंद्रात बायका बहुतेक एकट्याच येतात. "तांबी (कॉपर-टी) नको म्हणालेत हे. दुसरं काय असेल तर द्या." का नको, विचारलं की पदराशी चाळा सुरू. थोडं खोदून विचारलं तर कळतं, वाद तांबीचा नव्हताच. तिला तीन वर्षांनी आणखी एक मूल हवंय, त्याच्या मनात आता बस. आणि सासूबाईंच्या डोक्यात ऑपरेशन!

पहिली चूक ही. लांबवायचं की थांबवायचं हे न ठरवताच साधनावर घसरणं. दोघांनी वेगवेगळ्या चिठ्ठीवर लिहा: अजून किती मुलं, किती वर्षांनी. मगच चिठ्ठ्या उघडा. पुढच्या वर्षी मूल हवं असेल तर अंतरा हे पाळणा लांबवायचं इंजेक्शन नको, कारण शेवटच्या डोसानंतर दिवस राहायला सात-दहा महिने लागू शकतात. तांबी पाच किंवा दहा वर्षांची असली तरी हवी तेव्हा काढता येते. हे कळल्यावर निम्मे नवरे गप्प होतात.

आपल्याकडची खास चूक बाळंतपणाची. पहिलटकरीण माहेरी, महाराष्ट्रात चंदगड नाहीतर गडहिंग्लजला, आणि नवरा इकडे. प्रसूतीनंतर ४८ तासांत तांबी बसवता येते, पण विचारणा होते तेव्हा हा फोनवर "आईला विचारून सांगतो" म्हणतो. तोवर ते दोन दिवस गेलेले असतात, मग सहा आठवडे थांबा. ती माहेरी निघायच्या आधी, सातव्या महिन्यातच बोलून घ्या. अंतरा घेणारीनं कार्ड सोबत न्यावं. डोस दर तीन महिन्यांनी, सीमेच्या अलीकडे असा नाहीतर पलीकडे.

फौजेतल्या घरांचं वेगळंच. "हे वर्षातून दोनदा येतात, रोज गोळ्या कशाला?" म्हणून सुट्टी लागली की माला-एन, म्हणजे रोजची गर्भनिरोधक गोळी, सुरू. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केली नसेल तर पहिले सात दिवस निरोध लागतोच. काहीजणी तर सुट्टीभर तातडीच्या गोळ्यांची पाकिटं संपवतात. ती गोळी चुकून घडलं तर, संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. नेहमीचं साधन नव्हे ते. अशा जोडप्याला मी तरी तांबीच सुचवते. छाया गोळीही चालते, पण पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. वार चुकवायचे नाहीत.

आता पुरुषांचं ऑपरेशन. "ऊसतोडीची ताकद जाते" असं पारावर कुणीतरी सांगतं आणि विषय मिटतो. दोन सिझेरियन झालेल्या बाईला मात्र "तूच करून घे" सांगायला कुणाची जीभ अडखळत नाही. याचा मला राग येतो, खरं सांगते. बिनटाक्याची नसबंदी करून माणूस त्याच दिवशी घरी जातो, ताकदीत फरक पडत नाही. पण आठवड्याभरात निरोध बंद करणं हीच खरी चूक. नळीत शुक्रजंतू उरलेले असतात. तीन महिने निरोध वापरा, मग वीर्यतपासणी करा. ती "शुक्रजंतू नाहीत" अशी येईपर्यंत निरोध सोडू नका.

संमतीपत्र कन्नडमध्ये असलं म्हणून न समजता अंगठा देऊ नका. "मला मराठीत सांगा" म्हणायला लाजायचं कशाला? आशाताई असतातच शेजारी.

शेवटी, तांबी बसवल्यावर धागा टोचतो अशी नवऱ्याची तक्रार आली की घरात धुसफूस सुरू होते, आणि बाई कुणाला न सांगता ती काढून टाकायला येते. अहो, धागा थोडा कापता येतो, दोन मिनिटांचं काम. पहिले काही महिने पाळीत जास्त जातं तेही बऱ्याचजणींचं कमी होतं. फार जात असेल, ताप असेल किंवा ओटीपोटात दुखत असेल तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.