बास गरवायचा असेल, तर आधी दोरा निवडा

टेक्सासमध्ये डॅलसच्या पूर्वेला लेक फोर्क नावाचा जलाशय आहे. तो १९८० मध्ये भरू लागला, तेव्हा खोऱ्यातली बरीचशी झाडे न तोडता तशीच पाण्याखाली जाऊ दिली गेली. त्याच बुडालेल्या झाडांच्या आडोशाला लार्जमाउथ बास हा मोठ्या तोंडाचा गोड्या पाण्यातला मासा मोठा होतो. १९९२ मध्ये पकडलेला १८.१८ पौंडांचा राज्य-विक्रमी मासाही इथलाच. मी या पाण्यावर बरीच वर्षे गरवतो आहे. नवख्या माणसाला दुकानात सर्वांत आधी आमिषांच्या रंगीबेरंगी भिंतीपुढे उभे केले जाते, हे पाहून आता माझा संयम सुटतो. आमिष शेवटी घ्यायचे. मासा हातून जातो तो बहुधा आमिषामुळे नव्हे, तर दोऱ्यामुळे आणि गाठीमुळे.

परवाना (टेक्सासमध्ये वयाच्या १७ वर्षांपासून तो लागतो) काढलेला आहे, असे धरून चालतो.

काठी आणि रील यांवर फार डोके शिणवू नका. सात फुटी, मध्यम ताकदीची, टोकाकडे लवणारी काठी आणि २५०० आकाराचे स्पिनिंग रील (दोरा गुंडाळायची, काठीखाली बसणारी फिरकी) एवढ्यावर पहिला हंगाम सहज निघतो. आडव्या फिरकीचे बेटकास्टिंग रील दिसायला रुबाबदार असते, पण अंगठ्याला सवय नसताना ते घेतले, तर अर्धा दिवस गुंता सोडवण्यात जातो. ते दुसऱ्या वर्षी घ्या.

आता दोरा. दुकानात तीन जाती मिळतात आणि 'सगळीकडे वेणीचा दोराच वापरा' हा सल्ला तुम्हाला हमखास दिला जाईल. तो ऐकू नका. वेणीचा दोरा, म्हणजे ब्रेड, बारीक असूनही चिवट असतो, जवळजवळ ताणला जात नाही आणि दाट पाणवनस्पतीतून मासा ओढून काढायला त्याला तोड नाही. तिथे मी ५० पौंडी, म्हणजे तेवढा ताण सोसणारा, ब्रेड वापरतो. पण तोच दोरा बुडालेल्या ओंडक्यावर घासला, की करवतीसारखा लाकडात रुततो आणि तिथेच अडकून बसतो. झाडांमध्ये मला म्हणूनच दुसरी जात, १५ ते १७ पौंडी फ्लुरोकार्बन, लागतो: तो पाण्यात बुडतो, कमी दिसतो आणि घासणे सोसतो. तिसरी जात, म्हणजे कोकणात ज्याला तंगूस म्हणतात तो साधा नायलॉनचा दोरा स्वस्त असतो आणि ताणला जातो; पाण्याच्या पृष्ठभागावर नाचणाऱ्या आमिषासाठी तोच योग्य, कारण बुडणारा फ्लुरोकार्बन त्या आमिषाचे तोंड खाली ओढतो. पहिल्या स्पिनिंग रीलवर १५ पौंडी ब्रेड भरून पुढे सहा-सात फूट १० पौंडी फ्लुरोकार्बन जोडावा. ब्रेड गुळगुळीत रिळावर जागच्या जागी फिरतो, म्हणून त्याखाली तंगुसाचे काही वेढे आधी द्यावेत.

खरी परीक्षा गाठीची आहे, आणि तिने मला दोन हंगाम रडवले. फ्लुरोकार्बनवर लागलेले मोठे मासे हिसक्यासरशी सुटत. मी दोऱ्याला दोष देत राहिलो, दुकान बदलले, महागडा दोरा आणला, तरी तेच. अखेर एकदा तुटलेले टोक नीट पाहिले, तर ते डुकराच्या शेपटीसारखे वळलेले होते. टोक असे वळलेले असेल, तर दोरा तुटलेला नसून गाठ सरकलेली असते. टोक खरबरीत असेल, तर तो दगडावर किंवा लाकडावर घासलेला असतो. हा फरक मला कोणी आधी सांगितला असता, तर बरेच पैसे वाचले असते.

उपाय पालोमार गाठीचा. दोरा दुमडून ते दुहेरी टोक गळाच्या डोळ्यातून काढावे, साधी गाठ सैलच ठेवावी, उरलेला फास संपूर्ण गळावरून ओलांडून घ्यावा आणि मग आवळावे. बहुतेक जण इथे एक चूक करतात: दुहेरी दोऱ्याचे दोन पदर एकमेकांवर चढू देतात. ब्रेडमध्ये ते खपून जाते. फ्लुरोकार्बनमध्ये वरचा पदर खालच्याला कापतो. पदर शेजारी-शेजारी झोपलेले दिसेपर्यंत आवळूच नये. आवळण्यापूर्वी गाठ तोंडातल्या लाळेने ओली करावी, कारण कोरडी गाठ जोरात ओढली, तर घर्षणाच्या उष्णतेने दोरा तिथेच कमकुवत होतो. टोक अगदी मुळाशी न कापता तीन-चार मिलिमीटर सोडावे. नंतर गळ पक्कडीत धरून दोरा सावकाश, पण मन लावून ओढावा. सुटायची असेल, तर गाठ इथेच सुटू द्यावी. प्रत्येक मोठ्या माशानंतर शेवटचे दोन फूट नखावरून सरकवून पाहावेत आणि खरबरीतपणा लागला, की कापून नवी गाठ मारावी. ब्रेडला फ्लुरोकार्बन जोडताना मी दुहेरी युनी गाठ (दोन दोरे एकमेकांना जोडणारी गाठ) मारतो; तीही ओली करूनच.

रीलचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरा किती ताणावर सुटावा हे ठरवणारा अडसर, स्प्रिंगच्या काट्याने मोजून दोऱ्याच्या ताकदीच्या साधारण चतुर्थांशावर लावावा.

आमिषांच्या पेटीत तीन गोष्टी पुरेत: पाच इंची मऊ काडीसारखा नकली किडा, तो टेक्सास रिग या पद्धतीने लावण्यासाठी ३/० आकाराचा गळ आणि पाव औंसाचे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे वजन, आणि ३/८ औंसाचा स्पिनरबेट, म्हणजे फिरत्या चकचकीत पात्यांचे आमिष. किड्याचा रंग स्वच्छ पाण्यात हिरवट भोपळी, गढूळ पाण्यात काळा-निळा. याहून अधिक रंग माशासाठी नसून गिऱ्हाइकासाठी असतात. टेक्सास रिगमध्ये गळाचे टोक किड्याच्या अंगात लपवलेले असते, त्यामुळे ते झाडांत कमी अडकते. सुरुवात याच रिगने करावी.

लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला बास घरी नेता येत नाही, त्यामुळे मोजपट्टी आणि लांब चोचीची पक्कड पेटीत सर्वांत वर, हाताशी ठेवावी.